विचार करणारा चेहरा कुणाचा?

कुठलाही गाजणारा चित्रपट आला की पडद्यावरच्या बाई-पुरुषांवरून एक ठरलेलं भांडण पेटतं. एका बाजूचे लोक मोजदाद करतात. नायिका किती वेळा रडली, किती वेळा लाजली, नायकाने किती वेळा मुठी आवळल्या, त्याच्या डोळ्यांत शेवटी तरी पाणी आलं की नाही. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, बायका तशाच असतात, पुरुष तसेच असतात, चित्रपटाने वेगळं काय दाखवायचं? पहिल्यांचा उपाय असा की बाईला कमी रडवा, पुरुषाला जास्त रडवा. दुसऱ्यांना उपायाची गरजच वाटत नाही. एका गोष्टीवर मात्र दोघांचं नकळत एकमत आहे: चेहऱ्यावर जे दिसतं ते त्या चेहऱ्याचंच असतं आणि ते मोजता येतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

पडद्यावर बाईपण आणि पुरुषपण घडतं ते कुठला भाव कुणाच्या वाट्याला आला यातून फार थोडं. त्या भावाला किती वेळ दिला आणि त्याच्याकडून कुठलं काम करून घेतलं, यातून ते जास्त घडतं. ढोबळ सांगायचं तर चित्रपटाने पुरुषाचा चेहरा विचार करण्यासाठी वापरला आणि बाईचा चेहरा भावना उमटवण्यासाठी. पुरुष गप्प बसून समुद्राकडे बघत असेल, तर त्याच्या मनात काय शिजतंय याचा अंदाज आपण बांधू लागतो. बाई तशीच, तितकाच वेळ, त्याच समुद्राकडे बघत बसली, तर ती कुणाची तरी वाट बघतेय असं आपण धरून चालतो. दोन्ही चेहरे सारखेच कोरे असतील. मग फरक आला कुठून?

हा प्रश्न चित्रपटकलेच्या पाळण्यातच विचारला गेला होता, पण आपण त्यातला अर्धाच धडा घेतला. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हचा 1920च्या सुमाराचा प्रयोग चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा, आणि त्याला वेगवेगळ्या दृश्यांची जोड. सूपची थाळी दाखवली की चेहऱ्यावर भूक दिसते, शवपेटी दाखवली की दुःख दिसतं. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. कुणाच्या सांगण्यात शवपेटीत बाई आहे, कुणाच्या सांगण्यात मूल. कुणी तिसऱ्या दृश्यात खेळणारी छोटी मुलगी सांगतं, कुणी पहुडलेली सुंदर स्त्री. यातून निघणारा धडा असा की भाव चेहऱ्यात नसतो, दोन दृश्यांच्या जोडणीत असतो. धडा खराच आहे. पण त्या जोडणीकडे पुन्हा एकदा नीट बघा. सगळ्या आवृत्त्यांत बघणारा चेहरा पुरुषाचा आहे, आणि बाई, मुलगी कुठे दिसते? सूपच्या थाळीबरोबर, बघायच्या वस्तूंच्या यादीत. हा कुणाचा कट होता असं मी म्हणत नाही. हाताशी नट होता, त्याचं चित्रीकरण होतं, ते वापरलं. पण विचार कुणाच्या चेहऱ्यावर वाचायचा आणि कुणाकडे बघून वाचायचा, याची वाटणी किती सहज झाली होती, हे त्यातून दिसतं. 1975 साली ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात हीच वाटणी सिद्धान्ताच्या भाषेत मांडली. रूढ कथापटात पुरुष नजरेचा धनी असतो आणि स्त्री नजरेचा विषय. त्या निबंधावर पुढे पुष्कळ टीका झाली, काही टीका रास्तही होती, पण त्यांनी बोट ठेवलेली जागा चुकीची नव्हती.

जोडणी केवळ संकलकाच्या टेबलावर होते असंही नाही, आपण तिची अर्धी तयारी घरूनच करून आलेलो असतो. 1976 साली कॉन्ड्री या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका बाळाची फिल्म लोकांना दाखवली. पेटीतून अचानक उसळणारं खेळणं बघून बाळ दचकतं आणि रडू लागतं. हा मुलगा आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला. मुलगी आहे असं ज्यांना सांगितलं, त्यांना भीती दिसली. बाळ तेच, रडणं तेच. 2009 साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि एलायझा ब्लिस-मोरो यांनी मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांवर असाच प्रयोग केला, आणि त्यात तर प्रत्येक भावामागचं बाहेरचं कारणही बघणाऱ्यांना सांगितलेलं होतं. तरी निष्कर्ष काय निघाला? बाईचा चेहरा बघून लोक म्हणाले, ही भावनाप्रधान आहे. पुरुषाचा बघून म्हणाले, याचा आजचा दिवस वाईट गेलेला दिसतो. तिचा तो स्वभाव, याची ती परिस्थिती. आता सांगा, नायिकेचे अश्रू मोजून काय हाती लागणार? नायक आणि नायिका अगदी सारख्याच वेळा रडले, तरी आपण त्याचा प्रसंग लक्षात ठेवू आणि तिचा स्वभाव.

यावर विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा, की फरक खरोखरच आहेत. तो मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 साली माणसांच्या सांध्यांवर छोटे प्रकाशबिंदू लावून त्यांना अंधारात चालायला लावलं आणि चित्रित केलं. चेहरा नाही, कपडे नाहीत, शरीराची बाह्यरेषाही नाही, नुसते हलणारे ठिपके. तरी बघणाऱ्याला क्षणात कळतं की माणूस चालतोय. पुढे 1977मध्ये कोझलोव्स्की आणि कटिंग यांनी दाखवलं की त्या ठिपक्यांवरून चालणारा पुरुष आहे की बाई हेही लोक निव्वळ अंदाजाने जमेल त्यापेक्षा जास्त वेळा ओळखतात. खांदे आणि कंबर यांच्या रुंदीचं प्रमाण वेगळं, म्हणून डोलणं वेगळं. हसण्याचंही तसंच. मारियान लाफ्रान्स आणि सहकाऱ्यांनी 2003 साली शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले, तेव्हा बायका पुरुषांपेक्षा जास्त हसतात हे खरं निघालं. मग चित्रपटाने ते दाखवलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते प्रमाणात आणि कारणात. ठिपक्यांवरून ओळखणारे लोक पुष्कळदा चुकतातही, म्हणजे दोन्ही प्रकारच्या चाली एकमेकींत बऱ्याच मिसळलेल्या आहेत. पडद्यावर मात्र असा एकही ठिपका संशयाला जागा ठेवत नाही. लाफ्रान्स यांच्या अभ्यासातली माझ्या मते खरी मोलाची गोष्ट पुढची आहे. बाई आणि पुरुष एकाच भूमिकेत, एकाच कामावर असतील, तेव्हा हसण्यातला हा फरक आटतो. आपल्याकडे कुणी बघतंय हे ठाऊक असेल तेव्हा तो वाढतो. म्हणजे त्या हसण्याचा मोठा वाटा शरीराचा नसून प्रसंगाचा आहे. समोरच्याला सांभाळून घेण्याचं काम ज्याच्याकडे, तो जास्त हसतो. चांगला दिग्दर्शक हे प्रसंगातून दाखवील. वरिष्ठांपुढे हसणारी आणि दार बंद होताच ओठ मिटून घेणारी बाई दाखवील. आळशी दिग्दर्शक तिला एकटी असतानाही हसवतो. माझी तक्रार त्या एकटेपणातल्या हसण्याबद्दल आहे.

फरक निसर्गदत्त आहेत म्हणून पडद्यावर आहेत, या समजाला इतिहास काही वेगळंच सांगतो. दादासाहेब फाळक्यांच्या 1913च्या पहिल्या चित्रपटात राणी तारामती झाले होते अण्णा साळुंके, खाणावळीत काम करणारा एक तरुण. 1917च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. एकच शरीर, एकच चेहरा, आणि त्या दोघांना वेगवेगळं ओळखून प्रेक्षक हात जोडत होता. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. स्त्रियांनी आपल्या पडद्यावर केलेल्या या पहिल्या भूमिका. त्यात मोहिनी म्हणजे कोण? विष्णूने घेतलेलं स्त्रीरूप. म्हणजे पडद्यावरच्या पहिल्या मुलीने साकारला तो बाईची भूमिका वठवणारा पुरुष-देव. आणि भस्मासुर मरतो कसा? मोहिनीच्या हावभावांची हुबेहूब नक्कल करता करता हात स्वतःच्या डोक्यावर ठेवतो म्हणून. हावभाव शिकता येतात, शिकवता येतात, नक्कल करता करता अंगात भिनतात आणि घातही करतात, हे ती जुनी कथा किती नेमकेपणाने जाणते!

रंगभूमीवर तर हे शतकानुशतकं चालत आलं. जपानमध्ये काबुकीची सुरुवात ओकुनी नावाच्या स्त्रीने केली, पण 1629मध्ये बायकांना त्या रंगमंचावर बंदी झाली आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची परंपरा उभी राहिली. इंग्लंडमध्ये 1660पर्यंत व्यावसायिक रंगभूमीवर बायकांची कामं मुलगे करत. आणि बालगंधर्वांची नेसण्याची तऱ्हा, त्यांचं वागणं-बोलणं त्या काळातल्या घरंदाज स्त्रिया बघून उचलत, हे तर मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. इथे कुणी म्हणेल, नक्कल इतकी उत्तम झाली म्हणजे नकलेआधी अस्सल काहीतरी असणारच. असणारच, मान्य. पण अस्सल बाईच्या शरीरात हजार हालचाली असतात. पाणी शेंदताना ताणलेली पाठ असते, मुलाला दटावतानाची बोटं असतात, दमल्यावर फतकल मारून बसणं असतं. त्या हजारांतून बघण्याजोग्या म्हणून ज्या पंचवीस-तीस निवडल्या गेल्या, त्या कुणी निवडल्या आणि कुणासाठी? निवडलेल्या पंचवीसांचा पुढे नमुना झाला आणि बायका त्या नमुन्याबरहुकूम स्वतःला घडवू लागल्या. चित्रपटाने हा नमुना रंगमंचावरून उचलला, जवळून दाखवला आणि गावोगाव पोचवला.

या निवडीची बारकाईने नोंद घेतली ती समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी, जाहिरातींतल्या शेकडो छायाचित्रांवरून, 1970च्या दशकात. त्यांचं एक निरीक्षण वाचल्यापासून मला कुठलाही चित्रपट पूर्वीसारखा बघता आलेला नाही. पुरुषाचा हात वस्तू पकडतो, वापरतो. बाईचा हात वस्तूला स्पर्श करतो, तिच्या कडेवरून बोट फिरवतो, ती पेलल्यासारखं करतो पण तिचं वजन घेत नाही. मान किंचित कललेली, एक गुडघा किंचित दुमडलेला. दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन उभा राहिलेला माणूस प्रसंग आला तर लगेच हलू शकतो. एका पायावर भार टाकून, मान कलती ठेवून उभा असलेला माणूस आधी सावरेल, मग हलेल. म्हणजे ‘नजाकत’ या शब्दाखाली आपण जे मिरवतो त्यातला एक भाग निव्वळ गैरसोयीची उभी राहण्याची पद्धत आहे. तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांनी 1980च्या निबंधात हेच आतून सांगितलं. मुलगी चेंडू फेकताना सगळं अंग त्यात झोकून देत नाही, एकटा हात फेकतो आणि बाकीचं शरीर जागच्या जागी राहतं. ताकद नसते असं नाही. आपण बघितले जात आहोत ही जाणीव सतत सोबत असते, म्हणून शरीर ‘मला जमेल’ आणि ‘मला जमणार नाही’ ही दोन वाक्यं एकाच वेळी बोलतं. एकदा आवाज बंद करून एखादं भांडणाचं दृश्य बघा. मी हे वारंवार करते. नायक खोलीभर फिरतो, टेबलावर हात टेकतो, दार लोटतो, खुर्ची सरकवतो. नायिका पदराला, केसांना, स्वतःच्याच कोपराला धरून उभी असते. खोली त्याची आहे आणि तिचं फक्त शरीर आहे, हे संवाद न ऐकताही कळतं. कथेत ते घर तिच्या नावावर असलं तरी.

आता दुसरा मोठा आक्षेप, आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त जवळचा वाटतो. संकेतांशिवाय अभिनय उभाच राहत नाही. कला म्हणजे निवड, मग निवडीचाच गुन्हा कसा ठरवता? शिवाय आपल्या परंपरेत तर अंगाभिनयाचं व्याकरण नाट्यशास्त्रापासून लिहून ठेवलेलं आहे. अगदी बरोबर. पण ते व्याकरण उघडून बघितलं तर काय आढळतं? भरतमुनी 36 दृष्टी, म्हणजे नजरेचे प्रकार, सांगतात: आठ रसांच्या, आठ स्थायी भावांच्या आणि वीस संचारी भावांच्या. त्यांची विभागणी भावांवरून आहे, बाई-पुरुष अशी नाही. चालीच्या प्रकरणात स्त्रियांची चाल वेगळी सांगितली आहे खरी, आणि तिथला उच्चनीचपणा आज स्वीकारण्याजोगा नाही. पण चाल रसावरून बदलते, वयावरून बदलते, अंधारात चालण्यावरून, आंधळेपणावरून, नशेवरून बदलते, असा केवढा पसारा तिथे मांडला आहे! अश्रू आणि कंप तिथे सात्त्विक भाव, म्हणजे आतल्या भावनेने अंगावर उमटणाऱ्या खुणा आहेत, कुणाचीही मक्तेदारी नाहीत. संकेत विपुल असले की ते भाषा होतात. संकेत दोन-चारच उरले की त्यांना भाषा म्हणत नाहीत, खुणा म्हणतात. आजच्या रूढ चित्रपटाची अडचण संकेतांची नाही, संकेतांच्या दुष्काळाची आहे.

अश्रूंचंच घ्या. खरा पुरुष रडत नाही, हा नियम सनातन असल्यासारखा सांगितला जातो. भवभूतीचा राम असा रडतो की दगडालाही रडू फुटावं. होमरचा अकिलीस मित्रासाठी धुळीत लोळून आक्रोश करतो. दोघांच्या शौर्याबद्दल कुणी शंका घेतली नाही. उलट दिशेने, रडणारी बाई दुबळी, हाही नियम तितकाच पोकळ आहे, आणि मोजदाद करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की त्यांनी एकदा कार्ल ड्रायरचा 1928चा, जोन ऑफ आर्क या फ्रेंच वीरांगनेवर चाललेल्या धर्मखटल्याचा मूकपट बघावा. फाल्कोनेत्ती या अभिनेत्रीचा चेहरा, मेकअपशिवाय, जवळजवळ सगळा चित्रपट व्यापून राहतो आणि पुष्कळ वेळ त्या चेहऱ्यावरून अश्रू ओघळत असतात. अश्रूंची संख्या हाच निकष असेल तर हा बाईला दुबळं दाखवणारा चित्रपट ठरेल. तसं घडत का नाही? कारण तिच्यावर प्रश्न टाकले जातात आणि प्रत्येक प्रश्नानंतर कॅमेरा थांबतो. तिच्यावर ईश्वराची कृपा आहे का, असं तिला विचारतात. हा सापळा आहे. हो म्हटलं तर उद्धटपणा, नाही म्हटलं तर गुन्ह्याची कबुली. तिचं उत्तर 1431च्या खटल्याच्या कागदपत्रांतच आहे: नसेल तर देवाने ती द्यावी, असेल तर राखावी. पडद्यावर ते उत्तर येण्याआधी तो चेहरा प्रश्न ऐकतो, चाचपतो, सापळा ओळखतो. डोळे ओले आहेत आणि बुद्धी चालू आहे. या दोन गोष्टी एका चेहऱ्यावर एकत्र मावतात, हे बाईच्या बाबतीत दाखवायला चित्रपट इतका का बिचकतो?

याच बिचकण्यातून अलीकडची ‘कणखर नायिका’ आली आहे. टीका ऐकून निर्मात्यांनी बदल केला, पण केला तो मोजदादवाल्यांच्याच हिशेबाने. जबडा आवळलेला, हाताची घडी, नजर स्थिर, चालणं संथ आणि मागे स्फोट. ज्या लेखक-दिग्दर्शकांना पुरुष एवढ्याच पाच खुणांत दाखवता येत होता, त्यांनी त्याच पाच खुणा बाईच्या अंगावर चढवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या टाळ्यांना कमी लेखत नाही. लहान मुलींना पडद्यावर पाय रोवून उभी असलेली बाई दिसली, याचं मोल आहे. पण तिला मिळालं काय? पुरुषाच्या वाट्याचं दारिद्र्य. ती आता घाबरत नाही, म्हणजे तिला धोका कळतो की नाही हे आपल्याला दिसत नाही. ती संकोचत नाही, म्हणजे तिचा निर्णय कधी झाला हे आपल्याला दिसत नाही. विचार करणारा चेहरा अजूनही तिच्या वाट्याला आलेला नाहीच.

पुरुषाच्या वाट्याला तो आला, पण त्याची किंमत त्याने मोजली आहे, आणि या वादात तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्याच्या दुःखाला रागाचं रूप घेतल्याशिवाय पडद्यावर प्रवेश नाही. बाप मेला की तो भिंतीवर मूठ मारतो. भीती वाटली की ओरडतो. मैत्री दाखवायची तर पाठीवर थाप. त्या चौकटीबाहेर पाऊल पडलं की त्याचं काय होतं? हॉलिवूडमध्ये 1934पासून सेन्सॉरचे नियम कडक झाले, तेव्हा समलिंगी पात्रांचं नाव घेणं अशक्य झालं, आणि ती ओळख मनगटाच्या लचकेत, उंच भुवईत, ठुमकत्या चालीत लपवून ठेवली गेली, बहुतेकदा हसण्यासाठी किंवा खलपुरुषासाठी. नियम गेले, लचक राहिली. आपल्याकडच्या चित्रपटांत तृतीयपंथी पात्र म्हणजे कित्येकदा नुसती टाळी आणि कमरेचा झोका. एका माणसाचं सगळं आयुष्य दोन हालचालींत संपवलेलं. या पार्श्वभूमीवर 2010च्या ‘नटरंग’चं महत्त्व मला दरवेळी नव्याने जाणवतं. अतुल कुलकर्णींचा गुणा पैलवानी शरीराचा आहे आणि तमाशापायी नाच्या होतो. चाल, मनगट, मान तो आपल्या डोळ्यांसमोर शिकतो. प्रेक्षकाला ती कला म्हणून दिसते, कष्टाने कमावलेली. चित्रपटातल्या गावाला मात्र त्यात माणसाची लायकी दिसते, आणि त्यातून येते ती कुचेष्टा, अपमान, हिंसा. हावभाव आणि माणूस यांच्यातली गल्लत किती क्रूर असते, हे त्या चित्रपटाने तत्त्वज्ञान न सांगता एका शरीरावर दाखवलं.

नट-नट्यांना या सगळ्याचा दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. भाव त्यांचा, पण त्याची चौकट, उजेड आणि लांबी दुसऱ्याच्या हातात. जुन्या स्टुडिओंत नायिकेच्या क्लोजअपसाठी भिंगावर जाळी किंवा धूसर काच लावत. चेहरा मऊ दिसे, आणि मऊपणात जायच्या त्या आधी कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेषा. विचार नेमका तिथेच दिसतो. नायकावर बाजूने कडक प्रकाश, म्हणजे प्रत्येक रेघ कोरलेली. हे कळत असलेले दिग्दर्शक वेगळं करू शकले. 1933च्या ‘क्वीन क्रिस्टिना’च्या शेवटी ग्रेटा गार्बो जहाजाच्या टोकाशी उभी आहे आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जात राहतो. दिग्दर्शक रूबेन मामुलियनने तिला सांगितलं होतं, कशाचाही विचार करू नकोस, चेहरा कोरा ठेव. कुलेशोव्हच्या प्रयोगातली पुरुषाची जागा इथे एका बाईला मिळाली, आणि प्रेक्षक गेली नव्वद वर्षं त्या कोऱ्या चेहऱ्यात राजत्याग, शोक, सुटका असं काय काय वाचत आले आहेत. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल अकरमानने 1975मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. ‘जान दिलमान’मध्ये देल्फिन सेरिग तीन तासांहून अधिक वेळ घरकाम करते, चेहरा जवळजवळ हलत नाही, आणि कॅमेरा तिच्याजवळ सरकतही नाही. बटाटे सोलणारे हात आपण इतके बघतो की दुसऱ्या दिवशी तिचा क्रम किंचित चुकतो तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो. 2022मध्ये जगभरच्या समीक्षकांनी एका गाजलेल्या मतचाचणीत या चित्रपटाला पहिली जागा दिली. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे बाईचे हात वस्तूला स्पर्श करत नाहीत. ते वस्तू पकडतात.

राहिला तो स्वातंत्र्याचा आक्षेप, की असे निकष लावले तर दिग्दर्शकाच्या हातात यादी येईल आणि कला मरेल. यादीची भीती मलाही आहे, म्हणूनच मोजदादीला माझा विरोध आहे. नायिका कशी बसावी याचा नियम कुणी करू नये. लाजणारी बाई, संतापणारा पुरुष, दोघंही खुशाल असावेत. पण समीक्षेने आणि प्रेक्षकाने प्रश्न बदलायला हवा. ‘ती का रडली’ या प्रश्नापेक्षा ‘रडण्याआधी तिला काय कळलं ते आम्हाला दाखवलं का’ हा प्रश्न दिग्दर्शकाला जास्त अडचणीत आणतो, आणि त्याचं स्वातंत्र्य तसूभरही कमी करत नाही. उलट त्याला काम देतो.

पुढच्या वेळी एखाद्या चित्रपटात नायिकेला मोठी बातमी कळेल, तेव्हा घड्याळ लावून बघा. फोन खाली ठेवला जातो. तिचा चेहरा येतो. डोळे भरतात, ओठ थरथरतात, पार्श्वसंगीत सुरू होतं. मग क्षणभर रडू ओसरतं, नजर एका जागी ठरते, भुवया किंचित जवळ येतात. अभिनेत्रीने इथे काहीतरी ठरवलेलं असतं, तिच्या श्वासावरून ते ओळखू येतं. आणि नेमका तिथेच शॉट तुटतो. तिने काय ठरवलं ते आपल्याला पुढच्या दृश्यात तिच्या नवऱ्याच्या तोंडून कळतं.